कुमारांच्या आंतरराष्ट्रीय विमानप्रतिकृती स्पर्धेचे संयोजन

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिस येथील त्वीलरी उद्यानात आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने, पीळ दिलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे एक लहानसे विमान जाणत्या मंडळींसमोर उडवून दाखविले. ते ११ सेकंद हवेत राहिले व सुमारे ४० मीटर गेले. त्यानंतर सात वर्षांनी, १८७८ मध्ये, अमेरिकेतील मिल्टन राइट नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी एक खेळणे घरी आणले. बांबू, बूच व कागद यांचे बनविलेले आणि रबराच्या पिळावर वर उडणारे ते खेळणे पेनोच्याच कल्पनेवर आधारलेले होते. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा व ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. याच दोघा भावांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी माणसाला घेऊन उडणारे यंत्र प्रथम आकाशात नेले. त्या दिवसाचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते.

अकरा सेकंद आणि बारा सेकंद. आज कुमारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही दोन्ही उड्डाणे झाली असती तर पंचांनी त्यांची ‘असफल प्रयत्न’ अशी नोंद केली असती. कारण २० सेकंदांहून कमी काळ हवेत राहिलेले उड्डाण तेथे हिशेबात धरीत नाहीत, स्पर्धकास दुसरी संधी देतात. गेल्या दीडशे वर्षांत मुलांच्या हातचे खेळणे किती पुढे गेले आहे, याची कल्पना एवढ्यावरून यावी. सामान्य विज्ञान, गणित व हस्तव्यवसाय या तिन्ही विषयांचा जेथे संगम होतो, अशी ही स्पर्धा कशी भरवितात याची माहिती प्राथमिक शिक्षकांस उपयुक्त ठरण्यासारखी आहे. जागतिक स्पर्धा खेड्यातील शाळेत भरवावयाची नसली, तरी ज्या काळजीने ती भरविली जाते ती काळजी केंद्रातील चार शाळांच्या स्पर्धेसही तितकीच आवश्यक असते.

स्पर्धेचे स्वरूप

हवाई क्रीडांचे जगभरचे नियमन करणारा महासंघ १९०५ साली पॅरिस येथे स्थापन झाला. त्याचे कार्यालय आता स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आहे. छोट्या विमानांच्या स्पर्धांचे नियम या महासंघाची एक स्वतंत्र समिती ठरविते. प्रत्येक देशातील एक संस्था महासंघाची सदस्य असते. भारतात हे स्थान १९२७ साली स्थापन झालेल्या एअरो क्लब ऑफ इंडियाकडे आहे. ज्या वर्षी स्पर्धक अठरा वर्षांचा होतो त्या वर्षाच्या अखेरपर्यंत त्याची गणना कुमारांत होते. मुलगे व मुली एकाच मैदानावर, एकाच नियमांखाली आपली विमाने उडवितात.

‘प्रतिकृती’ हा शब्द रूढ झाला आहे खरा, पण ही विमाने कोणत्याही मोठ्या विमानाची नक्कल नसतात. अधिकाधिक काळ हवेत तरंगत राहावे, एवढ्याच हेतूने त्यांची रचना केलेली असते. कुमारांच्या मुक्त उड्डाणाच्या स्पर्धेत परंपरेने तीन वर्ग चालत आले आहेत. पहिला वर्ग यंत्र नसलेल्या तरंगत्या विमानांचा. असे विमान दोरीने पतंगाप्रमाणे ओढून वर चढवितात व नंतर दोरीतून सोडून देतात. दुसरा वर्ग रबराच्या पिळावर पंखा फिरविणाऱ्या विमानांचा. पेनोचा खरा वारसा हाच. या वर्गात इंग्लंडमधील वेकफील्ड चषकासाठी १९२८ पासून मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या, म्हणून जुनी मंडळी या विमानालाच ‘वेकफील्ड’ म्हणतात. तिसरा वर्ग लहानशा यंत्राने काही सेकंद वर चढून पुढे तरंगणाऱ्या विमानांचा आहे.

‘मुक्त उड्डाण’ या शब्दांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. विमान एकदा सुटले की त्याला दिशा देण्याचा कोणताही उपाय मुलाच्या हाती उरत नाही; फार तर त्याला खाली उतरविण्याची सोय ठेवता येते. पंखांचा पीळ, शेपटीचा कोन, वजनाचा तोल हे सारे आधीच, घरी आणि सरावाच्या मैदानावर, साधून ठेवावे लागते. परीक्षेच्या दालनात शिरलेल्या विद्यार्थ्यास बाहेरून शिक्षक काही सांगू शकत नाही, तशीच ही स्थिती होय.

मैदानाची निवड

कुमारांच्या जागतिक स्पर्धा कोठे होतात हे पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन लक्षात येते. २०१४ साली ती रुमानियातील सालोंता येथे, २०१६ साली मॅसिडोनियातील (२०१९ पासूनचे नाव उत्तर मॅसिडोनिया) प्रिलेप येथे आणि २०१८ साली बल्गेरियातील पाझार्जिक येथे झाली. यांपैकी एकही राजधानीचे शहर नव्हे. सपाट शेतजमिनींच्या प्रदेशातील ही मध्यम गावे आहेत. या स्पर्धेला भव्य क्रीडागाराची गरज नसते, गरज असते ती मोकळ्या रानाची. ते रान शहरापाशी मिळत नाही.

किती मोकळे रान लागते, हे पाचवीच्या मुलालाही काढता येईल. एका उड्डाणाची पूर्ण वेळ बहुधा ३ मिनिटे, म्हणजे १८० सेकंद धरतात. वारा सेकंदास ५ मीटर वेगाने वाहत असेल तर विमान त्याबरोबर ९०० मीटर वाहून जाईल. जमिनीपासून २ मीटर उंचीवर मोजलेला वाऱ्याचा वेग सतत ९ मीटरपेक्षा अधिक राहिला, तर स्पर्धा थांबवावी असा नियम आहे. त्या कमाल वेगाने हिशेब केला तर अंतर १,६२० मीटर, म्हणजे दीड किलोमीटरच्या वर जाते. शिवाय वारा दिवसभर एकाच दिशेने वाहील असे नाही. म्हणून प्रस्थानरेषा मैदानाच्या वाऱ्याकडील कडेला, वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात आखतात व वारा फिरल्यास ती हलविण्याची तयारी आधीच करून ठेवतात. या रेषेवर ठराविक अंतरांनी खुंट रोवून प्रत्येक देशाच्या संघास एकेक खुंट देतात. एखादा खुंट उंचवट्यावर असतो, एखादा ओलसर खोलगटात. त्याचा लाभ अगर तोटा एकाच संघाच्या वाट्याला येऊ नये यासाठी प्रथम चिठ्ठ्या टाकतात व पुढील फेऱ्यांत खुंट बदलत नेतात.

मैदान म्हटले तरी बहुतेक ठिकाणी ते कुणाचे तरी शेत असते, अगर शेतांनी वेढलेले कुरण असते. कापणी झालेल्या गव्हाच्या रानातून विमान उचलून आणणे सोपे. परंतु डोक्याएवढ्या मक्यात अगर सूर्यफुलात ते पडले तर शोधणारा मुलगा आणि पीक दोघांचीही दैना होते. म्हणून स्पर्धेच्या तारखा ठरविताना संयोजकांना गावची पेरणी-कापणी पाहावी लागते. जमीनमालकांची संमती, नुकसानभरपाईची तरतूद, जवळच्या विमानतळाची अनुज्ञा, प्रथमोपचार आणि पिण्याचे पाणी या गोष्टी परिपत्रकांत शेवटी लिहिलेल्या असतात, पण त्यांची व्यवस्था सर्वांआधी करावी लागते. यांपैकी पाण्याची हेळसांड सर्वाधिक होते. मुले उन्हात मैलोन्‌मैल धावतात. प्रस्थानरेषेवर पिंप ठेवून भागत नाही, जेथे विमाने उतरतात तेथेही पाणी पोहोचवावे लागते.

विमानांची तपासणी

स्पर्धेच्या आधी प्रत्येक विमान तोलून व मोजून घेतात आणि त्यावर खूण करतात. दोरीने चढविण्याच्या विमानाचे वजन ४१० ग्रॅमहून कमी असू नये व पंख आणि शेपटी मिळून क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर असावे, असा नियम आहे. रबराच्या विमानात रबर ३० ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. रबर वगळून विमानाचे वजन किमान २०० ग्रॅम भरावे लागते. नियमपुस्तकात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात. ज्या वर्षीची स्पर्धा त्या वर्षीचेच पुस्तक संयोजकाने हाताशी ठेवावे, हे वेगळे सांगावयास नको.

यांतील एक नियम शिक्षकांनी विशेष पाहण्याजोगा आहे. विमान चढविण्याच्या दोरीची लांबी ५० मीटरपेक्षा अधिक नसावी, असे सांगून तो थांबत नाही. ही लांबी ५ किलोग्रॅमचा ताण देऊन मोजावी, असेही त्यात म्हटले आहे. दोरी सैल असता ५० मीटर भरणारा धागा धावत्या मुलाच्या हातात ताणला म्हणजे पुष्कळ वाढू शकतो आणि मग विमान इतरांपेक्षा उंचावर सुटते. यात लबाडीच असेल असे नाही. ज्याला जसा धागा मिळाला तसा त्याने वापरलेला असतो. पण उंचीचा लाभ मात्र खराच. मापन कोणत्या स्थितीत करावयाचे हे ठरविल्याखेरीज नुसता आकडा ठरविणे व्यर्थ होय, हा विज्ञानाच्या अध्यापनातील महत्त्वाचा पाठ या एका ओळीत आला आहे. वर्गात सुती दोरा, नायलॉनचा दोरा व रबर यांना सारखीच वजने टांगून मुलांकडून लांबी मोजून घेतली, तर अर्ध्या तासात तो पक्का होईल.

हवा ओळखण्याची कला

विमान कितीही हलके व नेटके असले तरी स्थिर हवेत ते हळूहळू खाली येतच असते. तीन मिनिटे वर राहावयाचे तर बहुतेक वेळा वर चढणाऱ्या हवेचा आधार लागतो. उन्हाने नांगरलेली काळी जमीन लवकर तापते, शेजारचे हिरवे पीक तितके तापत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा प्रसरण पावून हलकी होते व मोठ्या बुडबुड्यासारखी वर निघते. खेड्यातील मुलाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. घार पंख न हलविता घिरट्या घालीत उंच उंच जाते ती याच प्रवाहात, आणि चैत्र-वैशाखातील वावटळ हेही त्याच तापलेल्या हवेचे उग्र रूप होय. आंतरराष्ट्रीय मैदानावर प्रस्थानरेषेवर उंच काठ्यांना झिरझिरीत चमकत्या पट्ट्या बांधलेल्या दिसतात, हवेच्या तापमानातील सूक्ष्म फरक टिपणारी उपकरणे दिसतात. आणि इतके सारे असूनही प्रत्येक संघातील एक जण मान वर करून पाखरे शोधीत असतो.

दोरीच्या वर्गात ही कला पूर्णपणे स्पर्धकाच्या हाती असते. दोरी विमानाला ज्या आकड्याने जोडलेली असते तो आकडा अशा युक्तीने बनविलेला असतो की, मुलाने ओढ सैल केली तरी दोरी सुटत नाही, विमान डोक्यावर गोल फिरत राहते. मुलगा त्याला तसेच फिरवीत मैदानभर हिंडतो. दोरीतून येणाऱ्या ओढीवरून वरच्या हवेचा अंदाज घेतो. चढता प्रवाह लागला असे वाटताच जोराने धाव घेऊन दोरी सोडतो. त्या क्षणापर्यंत काळ मोजला जात नाही. दोरी सुटली की घड्याळ सुरू. दोरी ओढावयाची ती स्पर्धकाने स्वतःच, जमिनीवर उभे राहून. रबराचे विमानही त्यानेच हातातून सोडले पाहिजे. वडिलांनी अगर प्रशिक्षकाने सोडलेले उड्डाण मुलाच्या नावावर जमा होत नाही.

चांगला प्रवाह लाभला तर विमान उतरावयाचेच नाव घेत नाही, ढगापर्यंत जाऊन नाहीसे होते. म्हणून प्रत्येक विमानात उतरवणीची योजना असते. ठरलेली वेळ संपताच शेपटी एकदम वर उचलली जाते, पंखांचा तरंगण्याचा गुण नष्ट होतो व विमान आडवेच, छत्रीसारखे, सरळ खाली येते. पूर्वी यासाठी हळूहळू जळणारी वात वापरीत. वात जळत येऊन रबराचे कडे तोडी आणि शेपटी मोकळी होई. वाळलेल्या गवतात ती पडली तर वणव्याचे भय. पुढे चावीच्या लहान घड्याळ्या आल्या आणि आता विद्युत्‌यंत्रणा आहे.

वेळेची नोंद

संयोजनाचा प्राण येथे आहे. बाकी सर्व व्यवस्था उत्तम झाली आणि वेळेची नोंद ढिसाळ झाली, तर स्पर्धा झालीच नाही असे समजावे. प्रत्येक उड्डाणास किमान दोन वेळमापक असतात. प्रत्येकाजवळ स्वतंत्र स्टॉपवॉच व दुर्बीण असते. दुर्बीण तिपाईवर बसवितात, कारण हातात धरलेली दुर्बीण तिसऱ्या मिनिटाला थरथरू लागते. दोघांनी एकमेकांचे घड्याळ न पाहता, एकमेकांस न विचारता वेळ टिपावयाची असते. विमानामागे धावत जाण्याची त्यांना मुभा नसते, आपल्या लहानशा वर्तुळातच उभे राहावे लागते. दोन्ही वेळांची सरासरी घेऊन सेकंदाचा अपूर्णांक सोडून देतात. एकाने १४२.६ व दुसऱ्याने १४३.१ सेकंद नोंदविले तर सरासरी १४२.८५ येते, पत्रकात १४२ लिहितात. अपूर्णांक अर्ध्याहून मोठा असला तरी वरचा आकडा घेत नाहीत, ही गोष्ट गणिताच्या तासाला मुलांना सांगितली तर त्यांच्यात पुष्कळ चर्चा होईल.

विमान जमिनीला टेकले म्हणजे उड्डाण संपले, हे सोपे. अवघड प्रसंग निराळा असतो. विमान झाडांमागे अगर ढगात दिसेनासे झाले तर काय करावे? नियम असा की, वेळमापकाने घड्याळ चालू ठेवून दहा सेकंद वाट पाहावी. तेवढ्यात विमान पुन्हा दिसले तर मोजणी पुढे चालू राहते. न दिसल्यास घड्याळ थांबवून त्या वेळेतून दहा सेकंद वजा करतात.

या नियमाचे मोल एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका मुलीने पाच फेऱ्यांत पाचही वेळा पूर्ण १८० सेकंद मिळविले आहेत. सहाव्या फेरीत तिचे विमान दूर वाहत गेले आणि १५१ व्या सेकंदाला उंच झाडांच्या रांगेमागे दिसेनासे झाले. पहिल्या वेळमापकाने नियमाप्रमाणे वाट पाहिली. आठव्या सेकंदाला विमान रांगेच्या दुसऱ्या टोकाशी बाहेर आले आणि पूर्ण वेळ होईपर्यंत हवेत राहिले. त्याची नोंद १८०. दुसऱ्या वेळमापकाला वाटले, झाडामागे गेले म्हणजे उतरलेच. त्याने घड्याळ दाबले. त्याची नोंद १५१. सरासरी १६५.५, पत्रकात १६५. ज्या स्पर्धेत अग्रभागी असलेल्यांचे सर्व गुण पूर्ण असतात तेथे पंधरा सेकंद गेले म्हणजे सर्वच गेले. त्या मुलीने हिवाळाभर पंख बनविले असतील, पहाटे उठून सराव केला असेल, दुसऱ्या देशातून प्रवास करून ती आली असेल. तिच्याकडून यात कोणतीही चूक झालेली नाही. तिला हरकत नोंदविता येईल, पंच तिचे म्हणणे सहानुभूतीने ऐकतीलही. परंतु जे सेकंद घड्याळाने टिपलेच नाहीत ते परत आणून देणे कठीण असते. दुसरा वेळमापक अप्रामाणिक नव्हता. त्याला नियम ठाऊकही असेल. पण अंगवळणी पडलेला नव्हता, आणि बोटाने डोक्याच्या आधी काम केले.

म्हणून अनुभवी संयोजक स्पर्धेच्या आदल्या दिवशी वेळमापकांकडून प्रत्यक्ष उड्डाणे मोजून घेतात; नियम वाचून दाखविण्यावर समाधान मानीत नाहीत. दुसरीही एक चूक नेहमी घडते. एका मुलाला चढता प्रवाह सापडला हे दिसताच शेजारचे चौघे-पाचजण त्याच हवेत आपली विमाने सोडतात. तीही लबाडी नव्हे, ती या खेळातील मान्य युक्ती आहे. आता आकाशात पाच-सहा सारखीच विमाने एकाच जागी फिरत असतात आणि वेळमापकाचा डोळा एकावरून दुसऱ्यावर केव्हा सरकला हे त्यालाही कळत नाही. उड्डाणापूर्वी स्पर्धकाला त्याच्या विमानाचा रंग, पंखाखालची खूण व फिरण्याची दिशा विचारून घेतली, तर हा घोटाळा पुष्कळ टळतो. वेळमापकाचे डोळे थकतात, हेही संयोजकाने मानले पाहिजे. फेरी साधारण तासाभराची असते. दोन फेऱ्यांनंतर त्याला सावलीत बसवून दुसऱ्यास उभे करणे, हा उपचार नव्हे, स्पर्धेच्या न्याय्यतेचाच भाग होय.

सर्व फेऱ्यांत पूर्ण वेळ मिळविणारे एकाहून अधिक स्पर्धक उरतात, असे बहुधा होतेच. सात फेऱ्यांच्या स्पर्धेत १,२६० सेकंद पुरे करणारे कित्येकजण निघतात. त्यांच्यासाठी जादा फेरी घेतात व पूर्ण वेळेची मर्यादा वाढवीत नेतात. सर्वांनी एकाच ठराविक मुदतीत आपले विमान सोडावयाचे असते. ही मुदत दहा मिनिटांची ठेवण्याची पद्धत रूढ आहे. ही फेरी शक्यतो सायंकाळी अगर पहाटे घेतात, कारण तेव्हा हवा शांत असते. दैवाचा भाग कमी होऊन विमानाचा व मुलाचा खरा कस लागतो. मोठ्या स्पर्धेत हा प्रसंग फार गंभीर असतो. इतका वेळ गजबजलेले मैदान निःशब्द होते.

पंचमंडळ व मोठी माणसे

निरनिराळ्या देशांच्या तीन सदस्यांचे पंचमंडळ स्पर्धेवर देखरेख करते. हरकत लेखी व ठराविक शुल्कासह द्यावी लागते. ती मान्य झाल्यास शुल्क परत मिळते. पंचांशी बोलण्याचा अधिकार संघव्यवस्थापकाचा असतो. कुमारांच्या स्पर्धेत या शिस्तीचे महत्त्व अधिक आहे, कारण येथे मुलांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांचा संयम लवकर सुटतो. रेषेवर उभ्या असलेल्या मुलाला चार बाजूंनी चौघे सल्ले देत आहेत, एक म्हणतो ‘आता सोड’ आणि दुसरा म्हणतो ‘थांब’, हे दृश्य कोणत्याही मैदानावर दिसू शकते. रेषेच्या मागे दोरी बांधून प्रेक्षकांस व पालकांस तिच्यापलीकडे ठेवणे, हाच यावर उपाय.

अलीकडे कार्बनच्या तंतूंपासून केलेली तयार विमाने विकत मिळतात व ती फार महाग असतात. ती चांगली उडतात यात शंका नाही. परंतु अशा विमानाचा पंख का वाकविला आहे, शेपटी दोन मिलिमीटर का उचलली आहे, हे ते विकत घेणाऱ्या मुलास सांगता येत नाही, आणि मग पैशाची स्पर्धा होऊ लागते. शाळेच्या पातळीवर तरी या बाबतीत मुळीच सवलत देऊ नये.

शाळांतील स्पर्धा

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात छोटी विमाने बनविणे व उडविणे हा शिक्षणाचा एक भाग आहे. परंतु ती संधी माध्यमिक शाळेत व महाविद्यालयात, आणि तीही थोड्यांनाच मिळते. प्राथमिक शाळेत आरंभ हाताने फेकण्याच्या विमानापासून करावा. बांबूची कामटी, पतंगाचा कागद, खळ आणि नाकाशी वजनासाठी थोडी ओली माती एवढ्या साहित्यात ते होते. थर्मोकोलची पातळ पट्टीही चालते. वरच्या वर्गांना रबराच्या पिळावरील पंख्याचे विमान करता येईल. विमान नाक खाली घालून पडते तेव्हा नाकाचे वजन कमी करावे. वर उसळून, थबकून, घसरते तेव्हा वाढवावे. हे शिक्षकाने आधी सांगू नये. मुलांनी दहा वेळा फेकून स्वतः शोधून काढले तर अर्धा पाठ तेथेच झाला.

पूर्ण वेळेची मर्यादा मुलांना सरावात मिळालेल्या वेळांवरून ठरवावी. समजा ती २० सेकंद धरली आणि वारा सेकंदास ३ मीटर असला, तर विमान ६० मीटर वाहील. शाळेच्या मागचे रान पुरते. फेकण्याची रेषा वाऱ्याकडे तोंड करून आखावी व त्या बाजूला विहीर, विजेच्या तारा अगर रहदारीचा रस्ता नाही याची खात्री करून घ्यावी. विमान झाडावर अगर कौलांवर अडकल्यास मुलांनी वर चढावयाचे नाही, हा नियम स्पर्धेच्या आरंभीच सांगावा आणि लांब काठी जवळ ठेवावी.

वेळ मोजण्यास दोन शिक्षक असावेत आणि ते स्पर्धकाच्या शाळेचे नसावेत. मोबाईल फोनमधील स्टॉपवॉच या कामी पुरेसे आहे. प्रत्येक मुलास तीन उड्डाणे द्यावीत. तीन सेकंदांच्या आत पडलेले उड्डाण असफल मानून एक वेळ पुन्हा संधी द्यावी, म्हणजे हात थरथरल्यामुळे एखाद्या लहान मुलाचा दिवस वाया जाणार नाही. दोन्ही वेळा पत्रकात लिहाव्यात, नुसती सरासरी लिहू नये. सरासरी काढण्याचे काम मुलांनाच द्यावे आणि पत्रक भिंतीवर, सर्वांना वाचता येईल असे लावावे. दोन वेळांत दोन सेकंदांहून अधिक फरक आढळला तर त्या दोघा शिक्षकांनी तो फरक कशामुळे पडला हे मुलांसमोर सांगावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

स्पर्धा सुगीनंतर, रान मोकळे झाल्यावर, सकाळी ऊन तापण्यापूर्वी घेणे सोयीचे. आठवडाभर आधी शेजारच्या शेतकऱ्यांस भेटून सांगून ठेवावे. विमान शोधण्यास मुले एकटी पाठवू नयेत, दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. कोणती जोडी कोणत्या बाजूस गेली हे पाटीवर लिहीत जावे, आणि परत आलेल्या जोडीचे नाव तेथल्या तेथे पुसावे. बक्षीससमारंभ पाटी कोरी झाल्यानंतर करावा.